झाडांना पाणी द्यायचं, पण कोणतं?

एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या सोसायटीची तातडीची सभा झाली. विषय एकच, टँकर. नळाचं पाणी दिवसाआड झालेलं, बोअरवेल मार्च संपायच्या आतच हवा ओढायला लागलेली, आणि टँकरच्या बिलापायी मेंटेनन्स वाढवायची वेळ आलेली. तेवढ्यात प्रस्ताव आला की पावसाळा सुरू होईपर्यंत गॅलरीतल्या आणि गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला बंदी करावी. झालं, दोन तट पडले. माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला जास्वंदीची काळजी, असं एका बाजूचं म्हणणं. महाराष्ट्राचं पाणी ऊस पितो, आमच्या चार कुंड्यांनी कुणाचं काय अडलं, असं दुसऱ्या बाजूचं. दीड तास खडाजंगी झाली. त्या दीड तासात एकदाही कुणी विचारलं नाही की या कुंड्यांना रोज पाणी जातं तरी किती, आणि ते कुठून जातं.

हा वाद आमच्या सोसायटीपुरता नाही. दर उन्हाळ्यात पुण्यात, संभाजीनगरात, नाशकात तो याच शब्दांत होतो आणि दरवेळी तितकाच वाया जातो. माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकते. घरची बाग राखावी. तिला नळाचं ताजं पाणी कमीत कमी द्यावं आणि घरात एकदा वापरून झालेलं पाणी तिच्याकडे वळवावं. याने फरक पडतो, आणि तो मोजता येतो. फक्त तो कुठे मोजायचा हे आधी ठरवायला हवं. बंदी मागणारे आणि बंदीला विरोध करणारे, दोघेही चुकीच्या ठिकाणी माप लावतात.

आधी विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो खरा आहे. समजा, पुण्यातल्या एक लाख घरांनी बागेच्या पाण्यात रोज ७५ लिटर वाचवले आणि उन्हाळ्याचे ९० दिवस वाचवले. हिशेब होतो साडेसदुसष्ट कोटी लिटर. ऐकायला आकडा दणदणीत वाटतो. पण धरणांचं पाणी मोजतात ते टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे एवढ्या सगळ्या घरांनी तीन महिने मनापासून धडपड केली तरी एका टीएमसीचा चाळिसावा हिस्साही हाती येत नाही, आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता आहे २९ टीएमसीच्या आसपास. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण या वादात हमखास ऐकवली जाते. मला ती इथे लागू वाटत नाही. कुंडीतल्या थेंबांनी धरण भरत नाही, आणि भरेल असं सांगून लोकांना कामाला लावलं तर दुसऱ्याच वर्षी त्यांचा विश्वास उडतो.

मग फरक पडतो कुठे? त्या सभेनंतर मी घरी येऊन मोजलं. आमच्या टेरेसवर तीसेक कुंड्या आहेत: कढीपत्ता, गवती चहा, दोन मिरच्या, पुदिना, मोगरा, जास्वंद, एक लिंबू, बाकी शोभेची. मी त्यांना रोज सकाळी पाइपनं पाणी घालत असे. पाइपखाली वीस लिटरची बादली ठेवली, ती एक मिनिट वीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. आणि रोज मी पाइप हातात धरून बारा मिनिटं उभी असे. एकशे ऐंशी लिटर! सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात एका माणसाला दिवसभरासाठी, पिण्यापासून कपडे-अंघोळीपर्यंत सगळं धरून, १३५ लिटर पाणी मिळावं असं आपलं सरकारी प्रमाण आहे. माझ्या कुंड्या एका अख्ख्या माणसापेक्षा जास्त पाणी घेत होत्या, आणि त्यातलं बरंचसं त्या पीतही नव्हत्या. कुंडीच्या बुडातून निघालेलं तांबूस पाणी टेरेसच्या जाळीतून खाली जायचं आणि जाता जाता खालच्या मजल्यावरच्या ग्रिलवर ओघळ काढायचं. त्या ओघळांवरून आमची दोन वर्षं कुरबूर चालू होती. पाणी तर जात होतंच, त्याच्याबरोबर मी घातलेलं शेणखतही धुऊन जात होतं.

दुसऱ्या दिवशी आठ लिटरची झारी घेतली आणि मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहिलं. जिथे ओल लागली ती कुंडी सोडून दिली. चार झाऱ्यांत काम झालं. बत्तीस लिटर. आठवड्याभरात कुंड्यांवर वाळक्या पानांचा आणि नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर दिला, तेव्हा मोगरा आणि लिंबू सोडले तर बाकीच्यांना एक दिवसाआड पुरू लागलं. एकही झाड गेलं नाही. जास्वंदीला कळ्या कमी आल्या, ते मान्य.

आता हाच आकडा सोसायटीच्या मापानं बघा. आमच्याकडे पाइपनं पाणी घालणारी चाळीसेक घरं आहेत. सगळ्यांची बाग माझ्याएवढी नाही, म्हणून माझ्या घरी पडलेल्या फरकाच्या निम्माच, म्हणजे घरटी ७५ लिटर धरू. रोजचे तीन हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा एक टँकर दर साडेतीन दिवसांनी कमी. धरणाच्या हिशेबात जे दिसतही नव्हतं, ते टँकरच्या वहीत ठळक दिसतं. आणि तो टँकर काही खडकवासल्याहून येत नाही. तो येतो शहराच्या कडेला असलेल्या गावांतल्या विहिरींवरून आणि बोअरवेलवरून. तिथलं पाणी उपसून आमच्या टाकीत पडतं आणि त्याच गावातल्या बायका मे महिन्यात हंडा घेऊन उभ्या असतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. पण इथे आड एकाच्या गावचा आणि पोहरा दुसऱ्याच्या घरचा, अशी गत आहे. दर आठवड्याला दोन टँकर कमी मागवणं ही त्या विहिरीच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे. टंचाई नेहमी एखाद्या ठरावीक विहिरीत आणि एखाद्या ठरावीक आठवड्यात येते. मग वाचवलेल्या पाण्याचं माप तिथेच लावायला नको का?

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू आहे आणि तो मी एका जलतज्ज्ञ मित्राकडून ऐकला. शहरानं वापरलेलं पाणी नाहीसं होत नाही, तो म्हणाला. पुण्याचं सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललं जातं आणि बेबी कालव्यात सोडलं जातं, ते खाली शेतीला मिळतं. उरलेलं मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढे उजनीला जातं. मग तू घरातलं सांडपाणी बागेला वळवलंस तर खालच्या शेतकऱ्याचं तेवढं पाणी कमी केलंस की! मुद्दा बिनतोड वाटतो. पण तो पुढे नेला की तोच माझ्या बाजूनं उभा राहतो. अंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी गटारातून का होईना, नदीपर्यंत पोचतं. बागेला घातलेलं पाणी मात्र पानांतून आणि मातीतून हवेत जातं, ते या खोऱ्यात त्या उन्हाळ्यात परत येत नाही. घरातल्या सगळ्या वापरांत बाग हा जवळजवळ एकच वापर असा आहे की ज्यात पाणी खरोखर संपतं. म्हणून अंघोळीतली बादली वाचवण्यापेक्षा कुंडीतली बादली वाचवणं खोऱ्याच्या हिशेबात जास्त मोलाचं. राहिला प्रश्न सांडपाणी वळवण्याचा. बागेनं तीस लिटर प्यायचेच असतील तर ते धरणातून नव्यानं आणलेले असावेत की स्वयंपाकघरातून निघालेले? नदीत पोचणारं पाणी पहिल्या पर्यायात तीस लिटरनं जास्त असतं खरं, पण त्यासाठी धरणातून आधी तीस लिटर जास्त काढावे लागतात. ते धरणातच राहिले तर मुठा कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरला स्वच्छ स्वरूपात जाऊ शकतात. उजनीच्या पाण्याची आज काय दशा आहे हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं बरं कोणतं हे सांगावं लागणार नाही.

पाण्याचा ‘किती’ आपण फार बोलतो, ‘कोणतं’ बोलतच नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. मराठवाडा होरपळत होता, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटच्या मैदानांना पाणी द्यावं की नाही यावरून आयपीएलचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सामने राज्याबाहेर न्यायचा आदेश झाला. तेव्हाही चर्चा दोनच टोकांना होती: मैदानावर पाणी ओतणं हा लातूरकरांचा अपमान आहे, किंवा सामने हलवून लातूरला एक थेंबही जास्त मिळणार नाही. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरीच होती. पण त्याच सुनावणीत एक तिसरी गोष्ट पुढे आली होती. आयोजकांनी न्यायालयाला सांगितलं की मुंबई-पुण्याच्या मैदानांसाठी रेसकोर्सवरच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा वापर करता येईल. म्हणजे अंगावर आल्यावर पर्याय सापडला. मग तो आधी का नव्हता, आणि नंतर तरी राज्यातल्या प्रत्येक मैदानाला, प्रत्येक लॉनला तो नियम का लागू झाला नाही? हा प्रश्न आपण सगळ्यांनी तिथेच सोडून दिला.

बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये हेच झालं. तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं गाड्या धुणं, बागकाम, कारंजी अशा कामांना पिण्याचं पाणी वापरायला बंदी केली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. आपल्याकडे बातमी पोचली ती ‘बंगळुरूत बागांना बंदी’ अशी. बंदी बागेला नव्हती, बागेत पिण्याचं पाणी घालायला होती. या दोन्हींत सगळा फरक आहे. आमच्या सभेतला प्रस्तावही नेमका इथेच घसरला होता.

खरं तर ही समज आपल्याकडे नवी नाही. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराच्या मागे जाऊन बघा. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे केळी असतात, अळू असतो, कडेला कर्दळ, आणि थोडं पुढे माडाचं आळं. देशावर मोरीचं पाणी परसात जायचं आणि त्यावर अळूचं फदफदं होण्याइतकी पानं वर्षभर निघायची. हे कुणी पर्यावरणाच्या प्रेमापोटी केलेलं नव्हतं. रहाटानं ओढलेलं किंवा डोक्यावरून आणलेलं पाणी एकाच कामात संपवणं परवडत नसे, इतकं साधं कारण होतं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्याच्या पेठांतल्या हौदांत पाणी आणलं गेलं. ती त्या काळातली अव्वल दर्जाची व्यवस्था होती. तरीही हौदापासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर घागरीनंच कापावं लागे. हातानं वाहिलेल्या पाण्याचं वजन अंगाला कळतं. फ्लॅटमधल्या नळानं ते वजन काढून घेतलं आणि मोरीचा पाइप थेट ड्रेनेजला जोडून टाकला. पाणी दुसऱ्यांदा वापरायची जागाच घराच्या नकाशातून पुसली गेली. आता उरली आहे ती गॅलरीतली कुंडी.

अर्थात जुनं सगळं जसंच्या तसं उचलता येत नाही. तेव्हाच्या मोरीत शिकेकाई, रिठा आणि राख होती. आता डिटर्जंट आहे. त्यातल्या सोडियमनं कुंडीतली माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं, पानांच्या कडा करपतात. वॉशिंग मशीनचं पहिलं फेसाळ पाणी मी कधीच झाडांना घालत नाही. शेवटच्या विसळण्याचं पाणी शोभेच्या झाडांना चालतं. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी कशालाही चालतं, आणि आमच्या चार माणसांच्या घरात तेच रोज सात-आठ लिटर निघतं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. आरओ यंत्रानं टाकून दिलेलं पाणी मात्र जपून, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. धरणाचं गोडं पाणी घरात येत असेल तर ते यंत्रच कशाला हवं हा वेगळा विषय आहे, पण राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये पाण्यातले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओवर निर्बंध घालावेत असं सांगितलं होतं. एवढं सांभाळलं तर माझ्या बत्तीस लिटरांपैकी नळाचं ताजं पाणी दोन-चार लिटरांच्या वर जात नाही.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो ऐकून मी खरोखर गप्प झाले होते. सभेत एक काकू म्हणाल्या, “हे बादल्या भरायचं, उचलायचं, गच्चीवर न्यायचं काम करणार कोण? आम्हीच ना?” बरोबर आहे. घरातल्या पाण्याची काटकसर म्हटली की ती बाईच्या कंबरेवर येते, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींच्या. असं होणार असेल तर ती काटकसर मला नको. पण यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. मशीनची विसळणीची नळी गॅलरीतल्या पिंपात सोडायला प्लंबरला अर्धा तास पुरतो. झारी भरून घालायचं काम आमच्याकडे मुलगा आणि त्याचे बाबा आळीपाळीनं करतात, आणि पाइप धरून उभं राहण्यापेक्षा त्यात वेळ कमीच जातो.

आता उसाकडे येते, कारण तो मुद्दा टाळून हा लेख पुरा होणार नाही. लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा घेतो, हे वर्षानुवर्षं सरकारी अहवालांत छापून येतं. शहरांच्या जलवाहिन्यांतून होणारी गळती महापालिकाही नाकारत नाहीत. असं असताना गृहिणीला झारीचं महत्त्व सांगणं म्हणजे धोरणाचं अपयश तिच्या माथी मारणं नाही का? असं झालं तर तो अन्यायच. पण ‘आधी त्यांना सांगा’ या वाक्यानं आजवर कुणाचं पाणी वाढलं? मला इथे पुण्यापासून तासा-दीड तासावरचं नायगाव आठवतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि तिथे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचून थक्क व्हायला होतं. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरणार. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. ज्या माणसांनी आपल्या वाट्याचं पाणी असं मोजून घेतलं, त्यांनाच उसाचा प्रश्न नुसती तक्रार म्हणून न मांडता नियम म्हणून मांडता आला. हिवरे बाजारनं पुढे दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची प्रथा पाडली: पाऊस किती झाला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं त्यात कोणतं पीक. मोजणारं गाव मागणी करतं तेव्हा तिच्यात वजन असतं. आपल्या नळाला किती येतं आणि जातं कुठे हे ठाऊक नसलेली सोसायटी महापालिकेला गळतीचा जाब कोणत्या तोंडानं विचारणार?

दुष्काळात सापडलेल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचं उदाहरण यासाठीच मला महत्त्वाचं वाटतं. २०१८ च्या सुरुवातीला तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, बागेला पाइपनं पाणी घालायला त्याआधीच बंदी झाली होती, आणि शहराचा रोजचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून खाली आला. नळ बंद पडण्याचा दिवस आला नाही. शेतीच्या पाण्यातही कपात झाली, काही शेतकऱ्यांनी आपल्या बंधाऱ्यांतलं पाणी शहराला दिलं, आणि मग पाऊस आला. सगळं श्रेय बादल्यांना देणं खोटं ठरेल. पण शहर स्वतः काही सोडायला तयार नसतं तर शेतकऱ्यांकडे कोणत्या तोंडानं मागितलं असतं? आणि तिथली एक वाईट गोष्टही सांगायला हवी: पैसेवाल्यांनी खासगी बोअर मारून आपल्या बागा हिरव्या ठेवल्या. आपल्याकडे ते काम टँकर करतो.

आमच्या सभेत शेवटी काय ठरलं ते सांगते. बंदीचा प्रस्ताव मागे घेतला गेला आणि त्याऐवजी कुंड्यांना पाइप लावायचा नाही, एवढं ठरलं. टँकर किती आले त्याची वही सूचनाफलकाशेजारी टांगली आहे, कुणीही उघडून बघू शकतं. ती बघता बघता एका आजोबांनी विचारलं की गच्चीवरच्या कुंड्यांचं एवढं चाललंय, मग खालच्या लॉनला पाणी कुठून जातं? चौकशी केली. लॉनला बोअरवेलचं पाणी जात होतं, बोअर आटली की टँकरचं. बिल्डरनं बांधून दिलेला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात आहे. विजेचं बिल वाढतं म्हणून तो दोन वर्षांपूर्वी बंद केला होता आणि कुणाच्या ते ध्यानातही राहिलं नव्हतं. मोठ्या गृहप्रकल्पांना असा प्रकल्प सक्तीचा असतो, आणि त्याचं पाणी बागेला आणि फ्लशला वापरणं अपेक्षित असतं. परवा त्याच्या खोलीचं कुलूप उघडलं. मोटर गंजली आहे, ब्लोअर मात्र ठीक आहे असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. दुरुस्तीचे तीन ठिकाणांहून अंदाज मागवले आहेत आणि पुढच्या रविवारच्या सभेत तोच एक विषय आहे.